एकशे पंच्याण्णव

फेब्रुवारीत लिंझला सहा वाजता उजाडत नाही.
ट्राममधून उतरून मी तळघरात जाते
आणि दिवा लावत नाही.
रंग पाजलेल्या पेशींना उजेड सोसत नाही.

रक्त माझंच, सोमवारचं.
नळीवर माझ्याच अक्षरात: रोस्विथा, डावा हात.
त्यातल्या टी-पेशी आता काचेवर बसल्यात,
प्रत्येकीच्या पोटात तो रंग
जो कॅल्शियम भेटलं तरच बोलतो.

आधी आतली कोठारं रिती करायची.
ती रिती झाली की राखणदार उठतो,
भिंतीपर्यंत येतो,
दाराला आतून हात लावतो.
मग बाहेरचं कॅल्शियम
एकामागे एक, अंग चोरून, आत येतं.
पडद्यावर रेघ चढते.
त्या चढावरून पेशी ठरवते
उठायचं की निजून राहायचं.

आज मी आधी पेरॉक्साइड टाकलं.
आई केस पिवळे करायला वापरायची तेच,
दहा हजारपट पातळ.
जखमेपाशी जंतू गिळणाऱ्या पेशी
हेच ओकत असतात,
आपलं-परकं न बघता.
पंधरा मिनिटं थांबले.
कोठारं रिती केली.
राखणदार आला असणार.
रेघ चढलीच नाही.

दाराच्या साखळीत तीनशे एक कड्या.
एकशे पंच्याण्णवावी सिस्टीनची,
तिच्या टोकाला गंधकाचा एक अणू.
तेवढाच गंजला.
उतारा नंतर ओतून पाहिला,
खोलीभर सडक्या अंड्यांचा वास सुटला,
दार हललं नाही.
आधी ओतला असता तर
ही वेळ आली नसती.

वडील नदीपलीकडे उर्फारला राहतात.
एकतीस वर्षं झोतभट्टीवर होते,
कोटाला अजून गंधकाचा वास.
आई गेल्यावर आठ महिने ते बोलले नाहीत.
मी रविवारी सूप घेऊन जायची,
दार वाजवायची,
आत खुर्ची सरकल्याचा आवाज यायचा,
पावलं दारापर्यंत यायची.
तिथंच थांबायची.

परवा त्यांनी आपणहून विचारलं,
तुझ्या कारखान्यात काय चाललंय?
म्हटलं, गंज.
एंगेलबर्ट ग्श्टोट्नर, वय एक्क्याऐंशी,
ताठ बसले.
माझ्या कामातला पहिला शब्द
त्यांच्या ओळखीचा निघाला.

मी सांगितलं, शेजारच्या टेबलावरच्या दुब्राव्काने
ती कडीच बदलली.
गंधक काढून तिथं ऑक्सिजन,
एका अणूचा फेर.
आता कितीही पेरॉक्साइड ओता, दार उघडंच.
आम्ही हेझलनटच्या वेफर्सचा पुडा फोडला,
ओसियेककडची एक शिवी तिनं मला शिकवली.

त्यांनी चमचा बाजूला ठेवला.
म्हणाले, काही पोलाद मुद्दाम गंजवतात.
वरचा थर तांबडा होतो, घट्ट बसतो,
पुढचा गंज बाहेरच राहतो.
तुझ्या दाराला बंद होणं
कुणी सांगितलं होतं का, ते बघ.

मी काही बोलले नाही.
रात्री त्याच विचारात होते:
चहूकडे आग असताना
नव्या, अननुभवी पेशीने दार लावून घ्यावं
हे कदाचित शहाणपणच असेल.
आणि जी एकदा लढून आली
ती दुसऱ्या घडणीची दारंही बसवायला लागते,
त्या जागी गंधक नसलेली.
तिला हा धूर अडवत नाही.
हे पुस्तकात आहे. मी वाचलंय.
तरी मला तो आठवा महिना आठवला,
कडी निघाल्याचा आवाज,
आणि दारात उभे ते, दाढी वाढलेली,
विचारत होते, सूप कसलं आणलंयस.

आज पुन्हा तळघर.
या वेळी नळी त्यांच्या रक्ताची.
बाही वर करताना म्हणाले, जपून, जुनं आहे.
दिवा मालवते.
पेरॉक्साइड आधी,
मग कोठारं.
पंधरा मिनिटं.
रेघ अजून तळाशीच आहे,
मी हातमोजे न काढता
पडद्यापुढे बसून आहे.